दिव्यांगसुलभ नगररचना

दिव्यांगसुलभ नगररचना : चालणे, पाहणे, ऐकणे, हातांचा उपयोग करणे किंवा परिसराचे आकलन करून घेणे ज्यांना कठीण जाते, अशा व्यक्तींना शक्य तेथवर दुसऱ्याच्या मदतीवाचून घराबाहेर पडता यावे, रस्ता ओलांडता यावा, वाहनात चढता-उतरता यावे आणि सार्वजनिक वास्तूंचा इतरांप्रमाणेच वापर करता यावा, या हेतूने वस्तीची आखणी, बांधणी व देखभाल करण्याची पद्धती. हिलाच ‘अडथळामुक्त रचना’ असेही म्हणतात. अपंगत्वाचा काही भाग शरीरात आणि काही भाग भोवतालच्या रचनेत असतो, ही या पद्धतीमागील मूळ कल्पना होय. पोलिओमुळे पाय दुर्बल झालेली व्यक्ती चाकांच्या खुर्चीतून सपाट अंगण सहज पार करते आणि कचेरीच्या तीन पायऱ्यांपाशी थांबते. तेथे तिला अडविणारी गोष्ट पायांइतकीच पायरीही असते. पाय पूर्ववत करणे वैद्यकाच्या हाती नसले, तरी पायरी बदलणे गवंड्याच्या हाती असते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सु. २·६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या सु. २·२१ टक्के व्यक्ती दिव्यांग होत्या, त्यांपैकी सु. २९·६ लक्ष महाराष्ट्रात होत्या. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुलांना कडेवर घेतलेल्या माता व तात्पुरत्या आजाराने वा अस्थिभंगाने जायबंदी झालेले लोक या आकड्यांत येत नाहीत. सुलभ रचनेचा उपयोग मात्र त्यांनाही होतो. मराठीत पूर्वी सर्रास वापरला जाणारा ‘अपंग’ हा शब्द शासनव्यवहारात २०१६ च्या सुमारास मागे पडून त्याऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द आला. या शब्दामुळे वस्तुस्थितीवर गोड आवरण पडते, असा आक्षेप दिव्यांगांच्या काही संघटनांनी घेतला आहे. प्रस्तुत नोंदीत अधिकृत शब्द वापरला असून जुन्या संदर्भांत जुने शब्द कायम ठेवले आहेत.

दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेले सैनिक मोठ्या संख्येने नागरी जीवनात परतले, तेव्हा अमेरिका व यूरोपमध्ये या विषयाचा पद्धतशीर विचार सुरू झाला. इमारतींच्या सुलभतेचे पहिले अमेरिकन राष्ट्रीय मानक १९६१ मध्ये, तर सेल्विन गोल्डस्मिथ या ब्रिटिश वास्तुविशारदाचा त्या विषयावरील प्रमाणभूत ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. अंधांना पायांनी ओळखता येतील अशा उठावाच्या फरश्या सेइइची मियाके यांनी जपानमध्ये तयार केल्या व त्या १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसविण्यात आल्या. आज भारतातील मेट्रो स्थानकांवर दिसणाऱ्या पिवळ्या फरश्या त्याच कुळातील होत. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्कविषयक करारात सुलभता हा हक्क म्हणून मान्य झाला. भारताने या करारास १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले.

वर्धा–पवनार परिसर : महाराष्ट्रापुरते पाहिल्यास या प्रश्नाचा इतिहास मोठ्या शहरांइतकाच वर्धा जिल्ह्यातही शोधावा लागतो. वर्ध्यापासून सु. ८ किमी. अंतरावर, नागपूर मार्गावर धाम नदीच्या काठी पवनार हे गाव आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. आधुनिक काळात हे गाव विनोबा भावे यांच्या परंधाम आश्रमामुळे प्रसिद्धीस आले. पुढे तेरा वर्षांहून अधिक काळ भूदानासाठी देशभर पायी फिरलेले विनोबा पवनारला प्रथम राहावयास आले, ते मात्र चालत नव्हे. १९३८ मध्ये प्रकृती अतिशय खालावल्यामुळे त्यांना मोटारीतून नदीवरील पुलावरून येथे आणावे लागले व जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात त्यांची व्यवस्था करण्यात आली.

त्याआधी दोन वर्षे, १९३६ मध्ये, विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याहून पवनारकडे येणाऱ्या मार्गालगत दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. त्या काळी कुष्ठसेवेचे कार्य बहुतांशी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हाती होते. भारतीयाने स्वयंप्रेरणेने चालविलेली संस्था म्हणून गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमावरील पुस्तिकेत दिवाणांच्या या कार्याचा आवर्जून उल्लेख केला. स्वतः गांधीजींनी सेवाग्राम आश्रमात परचुरेशास्त्री या कुष्ठरोगी विद्वानांची शुश्रूषा केली. शास्त्री पुढे दत्तपूरला राहावयास गेले.

कुष्ठरोग्याला शहर बंद होते, ते प्रथम पायऱ्यांमुळे नव्हे, तर कायद्यामुळे. १८९८ च्या कुष्ठरोगीविषयक अधिनियमान्वये निराधार कुष्ठरोग्यास पकडून आश्रयस्थानात ठेवता येत असे. शासनाने आदेश काढलेल्या क्षेत्रात त्याने खाद्यपदार्थ विकू नयेत, मनाई असलेल्या सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर पाणी भरू नये व स्नान करू नये, रेल्वे सोडून अन्य भाड्याच्या वाहनात बसू नये, असे निर्बंध त्यावर घालता येत. म्हणजे पाणवठा, बाजार आणि वाहन ही नागरी जीवनाची तीनही अंगे त्याला नाकारता येत होती. या अधिनियमाची वैद्यकीय गरज केव्हाच संपली होती. बहुविध औषधोपचार देशात सर्वप्रथम सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा जिल्हा होता आणि १९८० नंतरच्या दशकात हा रोग निश्चितपणे बरा होऊ लागला. तरीही अधिनियम रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. नगरपालिकेच्या सदस्यत्वास कुष्ठरोग अपात्र ठरविणारी ओरिसातील (ओडिशा) तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध मानली होती. सुलभतेची चर्चा उतार व कठडे यांपासून सुरू करण्याचा जो प्रघात आहे, तो या दृष्टीने अपुरा ठरतो.

रोग बरा झाला, तरी मज्जातंतूंना झालेली इजा पुष्कळदा मागे उरते. बोटे आखडतात, पाऊल लोंबते, हातापायांची संवेदना जाते. या व्यक्तींसाठी लागणारी रचना चाकांच्या खुर्चीसाठी लागणाऱ्या रचनेहून वेगळी असते, हे मार्गदर्शक पुस्तिकांत क्वचितच स्पष्ट केलेले आढळते. गोल मुठीचे दार वा पिळण्याचा नळ आखडलेल्या बोटांना उघडत नाही. दांडीचे हँडल किंवा कोपराने ढकलता येणारा नळ उघडतो. वैदर्भीय उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या घरात जाते. अशा वेळी उन्हात तापलेल्या लोखंडी कठड्याने संवेदनाहीन तळहात भाजतो आणि ते त्या व्यक्तीच्या ध्यानातही येत नाही. म्हणून कठड्यास लाकडाचे वा प्लॅस्टिकचे आवेष्टन किंवा वर छाया हवी. तळव्यास संवेदना नसलेल्यांना मऊ रबराची खास पादत्राणे सतत वापरावी लागतात. देवालये, आश्रम व काही घरांतही पादत्राणे बाहेर काढण्याची रीत आहे. त्या रीतीमागील भावना समजण्यासारखी असली, तरी एका खड्याने झालेली जखम चिघळून अशा व्यक्तीचे पाऊल कापावे लागण्याची भीती असते. आत वापरण्यासाठी स्वच्छ पादत्राणांचा वेगळा जोड ठेवण्याची मुभा देणे हा साधा उपाय होय.

स्वतंत्र वसाहत व सामाईक शहर : बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोडा (जि. चंद्रपूर) येथे महारोगी सेवा समितीची स्थापना केली. तिच्या आनंदवन या वसाहतीचे उद्घाटन विनोबांच्या हस्ते झाले. खडकाळ, ओसाड जमिनीवर कुष्ठरोग्यांनीच विहिरी खणल्या, शेते केली, घरे बांधली. पुढे तेथे अंध, मूकबधिर व अस्थिव्यंग व्यक्तींसाठी शाळा व उद्योगशिक्षणाची सोय झाली. आनंदवनाचे वैशिष्ट्य असे, की वसाहत बांधणारे आणि तिच्यात राहणारे एकच होते. त्यामुळे अवजाराची मूठ केवढी असावी, चूल किती उंच असावी, यांचे निर्णय वापरणाऱ्याच्या हातांवरून ठरले. मानकसंहिता येण्याच्या कितीतरी आधीची ही सुलभ रचना होय. मणक्याच्या विकारामुळे खुद्द आमट्यांना उत्तरायुष्यात बसणे अशक्य झाले. उभे राहणे किंवा आडवे पडणे एवढेच त्यांना शक्य असे आणि देशातील प्रवास ते बिछाना बसविलेल्या वाहनातून करीत.

तथापि दत्तपूर काय किंवा आनंदवन काय, या वसाहती शहराने नाकारलेल्यांसाठी शहराबाहेर उभ्या राहिल्या. तेथे माणसाला काम, घर व प्रतिष्ठा मिळाली. वरोड्याचा बाजार किंवा वर्ध्याची कचेरी त्यामुळे बदलली नाही. स्वतंत्र वसाहतीचे यश हे अंशतः सामाईक शहराच्या अपयशाचे माप असते. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या पक्षाघातग्रस्त सैनिकांच्या पुनर्वसन केंद्राविषयीही असेच म्हणता येते. आवाराच्या आत चाकांच्या खुर्चीला बहुधा सर्वत्र वाट असते. प्रश्न फाटकाबाहेर सुरू होतो. दुसऱ्या बाजूने, सर्वांना सामावणारे शहर केव्हातरी होईल म्हणून आज आधाराची गरज असलेल्यांना वसाहत नाकारणेही योग्य होणार नाही. दोन्ही मार्ग दीर्घकाळ बरोबरीने चालावे लागतील, असे दिसते.

प्रवासाची साखळी : पवनारसारख्या गावातील दिव्यांगाच्या दृष्टीने सुलभ नगररचनेचा अर्थ वर्धा शहरातील एखादी इमारत सुलभ असणे, एवढाच होत नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, रुग्णालय, महाविद्यालय, बँक व बहुतेक कचेऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. घराचा उंबरठा, गल्ली, थांबा, बस, स्थानक, शहरातील पदपथ, इमारतीचे प्रवेशद्वार, खिडकीची उंची आणि शेवटी स्वच्छतागृह, अशी ही साखळी आहे. यांपैकी एक कडी तुटली, तर उरलेल्या सुलभ कड्यांचा उपयोग होत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक कडी निराळ्या यंत्रणेकडे असते. गल्ली ग्रामपंचायतीकडे, हमरस्ता बांधकाम विभागाकडे वा महामार्ग प्राधिकरणाकडे, बस परिवहन महामंडळाकडे आणि पदपथ नगरपरिषदेकडे असतो. साखळीची जबाबदारी कोणा एकाकडे नसते.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या साध्या बसमध्ये दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत दिली जाते. ही सवलत मोलाची आहे, कारण दिव्यांगाचे उत्पन्न सामान्यतः कमी असते. परंतु एसटीची पारंपरिक बस मालमोटारीच्या धर्तीच्या सांगाड्यावर बांधलेली असून तिचा तळ जमिनीपासून सु. एक मी. उंच असतो व अरुंद दारातून उभ्या पायऱ्या चढाव्या लागतात. तिकिटात सवलत मिळालेल्या प्रवाशाला पायरीत सवलत मिळत नाही. भारतातील अपंगकल्याणाच्या धोरणाचे हे सर्वसाधारण स्वरूप होते: भाडे, कर, शुल्क व निवृत्तिवेतन यांतील सवलती कागदावर देता येतात म्हणून त्या लवकर आल्या, भिंत, पायरी व वाहन बदलावे लागते म्हणून ते मागे राहिले. शहरी बसगाड्यांसाठी ४०० मिमी. उंचीच्या खालच्या तळाच्या गाड्या उपलब्ध आहेत. ग्रामीण मार्गांवरील खड्डे व चढउतार यांमुळे त्या तेथे चालविणे अवघड जाते. अशा मार्गांवर गाडीचा तळ खाली आणण्याऐवजी थांब्याचा ओटा वर नेणे, निदान मोठ्या थांब्यांवर, अधिक व्यवहार्य ठरेल.

रचनेची मापे : चाकांची खुर्ची साधारणपणे ६५ ते ७५ सेंमी. रुंद व १·०५ ते १·२० मी. लांब असते. ती जागच्या जागी वळविण्यास १·५ मी. व्यासाची मोकळी जागा व दारातून नेण्यास ९० सेंमी. स्वच्छ रुंदी लागते. उताराचे प्रमाण १ : १२ याहून तीव्र नसावे. या प्रमाणाचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. महाराष्ट्रात जोते सामान्यतः ४५ सेंमी. उंच असते, त्यासाठी ५·४ मी. लांबीचा उतार लागतो. जोते ६० सेंमी. असल्यास ही लांबी ७·२ मी. होते. दारासमोर एवढी जागा नसल्याने पुष्कळ कचेऱ्यांतून दीड-दोन मीटरचा उतार बांधून काम उरकलेले दिसते. असा उतार खुर्चीस निरुपयोगी असून पावसाळ्यात कुबड्या वापरणाऱ्यास धोकादायक असतो. वास्तविक जोत्याची उंची नकाशा काढतानाच ठरते आणि उताराचा विचार त्याच वेळी व्हावयास हवा.

पदपथाची मोकळी रुंदी किमान १·८ मी. व कडेच्या दगडाची उंची १५ सेंमी.पेक्षा अधिक नसावी, असा भारतीय रस्ते परिषदेचा संकेत आहे. १५ सेंमी. उतरण्यास १·८ मी. लांबीचा उतार लागतो, म्हणजे पदपथाची सारी रुंदी त्यात जाते. म्हणून चौकात पदपथ खाली आणण्यापेक्षा ओलांडणीच्या पट्ट्यावर रस्ताच पदपथाच्या पातळीपर्यंत उचलणे श्रेयस्कर होय. त्यामुळे वाहनांचा वेगही आपोआप कमी होतो. वर्धा जिल्ह्यातील काळी कपाशीची माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बसविलेल्या फरश्या दोन-तीन वर्षांत उचकटतात, अंधाच्या काठीला आणि खुर्चीच्या लहान चाकांना अडतात. काळी माती पुरेशा खोलीपर्यंत काढून मुरुमाचा थर दाबून घेणे व पाण्याचा निचरा साधणे हा येथील पदपथाचा खरा पाया होय. अंधांसाठीच्या फरश्यांत लांबट उठाव ‘पुढे चला’ व गोल उठाव ‘सावध व्हा’ असे सुचवितो. शोभेसाठी म्हणून या फरश्या कोठेही बसविल्या, किंवा त्यांची रांग खांबापाशी नेऊन संपविली, तर त्या नसत्या तरी बरे, असे म्हणण्याची वेळ येते.

कायदा व अंमलबजावणी : अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा अधिनियम ७ फेब्रुवारी १९९६ पासून अंमलात आला. वाहतूक, रस्ते व इमारती सुलभ करण्याचे कर्तव्य त्याने प्रथमच सांगितले. मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही पुस्ती जोडल्याने ते कर्तव्य ऐच्छिकासारखे झाले. १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश जुन्या अधिनियमात होता, तो नव्यातही आहे. सुलभतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीस बांधकामपरवाना वा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये व जुन्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुलभ कराव्यात, असे त्यात म्हटले आहे. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाची उद्दिष्टे ठरलेल्या मुदतीत पुरी झाली नाहीत. राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अंमलबजावणीचे सविस्तर निर्देश दिले. त्याच खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी २०१७ च्या नियमांपैकी पंधरावा नियम अधिनियमाशी विसंगत ठरविण्यात आला, कारण त्यातील मार्गदर्शक तत्त्वे शिफारशीच्या स्वरूपाची होती, बंधनकारक नव्हती. किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत ठरविण्याचा आदेश केंद्र शासनास देण्यात आला.

महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र शासकीय विभाग निर्माण करण्यात आला. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा आदेश असून तो ग्रामपंचायतींनाही लागू आहे. ही रक्कम बहुधा वस्तुवाटप व अर्थसाहाय्य यांकडे वळते. तीच रक्कम काही वर्षे एकाच रस्त्यावर, थांब्यापासून दवाखान्यापर्यंत वा शाळेपर्यंत खर्च केली, तर लहान गावातही एक सलग सुलभ वाट तयार होऊ शकते.

मोठ्या शहरांतील अनुभव संमिश्र आहे. मुंबई (२०१४) व नागपूर (२०१९) येथील मेट्रो स्थानके आरंभापासूनच उद्वाहक व स्पर्शफरश्यांसह बांधली गेली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत दिव्यांगांसाठी राखीव डबा असला, तरी फलाट व डबा यांच्या पातळीतील अंतर दीर्घकाळ अडचणीचे ठरले; उच्च न्यायालयात हा प्रश्न गेल्यानंतर फलाट उंच करण्याच्या कामास वेग आला. दुचाकी वाहनांना पदपथावर येऊ न देण्यासाठी मुंबईत ठोकलेल्या आखूड खांबांमुळे चाकांच्या खुर्चीचीच वाट बंद झाली. या बाबीची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी मुंबईत चाकांची खुर्ची वापरणाऱ्या एका वधूला विवाहनोंदणीसाठी उद्वाहक नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले. अधिकाऱ्याने दोन जिने उतरून खाली येणे, हा त्यावरील बिनखर्ची उपाय उपलब्ध होता.

नदीकाठची घाटवजा स्थळे, टेकड्यांवरील देवालये व प्राचीन अवशेष यांचा प्रश्न वेगळा आहे. पवनार येथे गांधीजींच्या अस्थींचा काही अंश १२ फेब्रुवारी १९४८ रोजी धाम नदीत विसर्जित करण्यात आला आणि दरवर्षी त्या तिथीस तेथे मेळा भरतो. आश्रम उंचवट्यावर असून पात्राकडे उतरून जावे लागते. अशा ठिकाणी प्रत्येक पायरीला उतार जोडणे शक्य नसते व स्थळाच्या रूपासही ते मानवत नाही. पात्र जेथून नीट दिसते अशा एका जागेपर्यंत सपाट व सावलीची वाट, वाटेत विसाव्याचे ओटे, जवळ वाहन थांबविण्यास जागा आणि अंधांना हाताने चाचपून पाहता येईल अशी परिसराची प्रतिकृती, एवढ्या सोयी पुष्कळ ठिकाणी करता येतात. त्यांची निवड करण्यापूर्वी दिव्यांग व्यक्तींना बरोबर घेऊन ती वाट प्रत्यक्ष चालून पाहावी लागते. खुर्ची वापरणारा, अंध आणि पायाची संवेदना गेलेला मनुष्य यांना त्याच वाटेवर निरनिराळे अडथळे आढळतात. [⟶ अपंग कल्याण व शिक्षण, आनंदवन, कुष्ठरोग].